आमच्या वावरातली बंडीवाट

साल दोन हजार सहा. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झाली, तिसरीही अर्धीच, म्हणून अक्षर वाकडं आहे. पण जे लिहितो ते पाहिलेलं आणि केलेलं लिहितो. गावाबाहेरच्या रस्त्याची गोष्ट आजकालची पोरं वेगळीच सांगतात. कोणी म्हणतं सरपंचानं आणला, कोणी म्हणतं फॉरेस्टच्या मॅडमनं दिला. दोघंही भली माणसं, पण रस्ता कसा आला ते मला जास्त माहीत आहे.

वणीकडून मुकुटबनकडे जाताना एक फाटा जंगलात शिरतो, त्या फाट्यावर आमचं गाव. तीन बाजूंनी सरकारचं संरक्षित जंगल, चौथ्या बाजूला आमची वावरं आणि नाला. गावातून जायला एकच गल्ली. तीच बाजार, तीच शाळेची वाट, तीच देवळाची. त्या वर्षांत कोळशाच्या ट्रकवाल्यांना आमची गल्ली सापडली. मोठ्या रस्त्यापेक्षा इकडून जवळ पडतं म्हणून दिवसभर ट्रक घुसायचे. ट्रक आला की दोन्हीकडची माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आणि समोरून कापसाची बंडी आली तर मग विचारूच नका. ट्रकवाला मागे जाणार नाही, बंडीवाला तर मागे जाऊच शकत नाही. भरल्या बंडीचे बैल उलटे चालत नाहीत, हे ट्रकवाल्याला समजावता समजावता बाजार उठून जायचा.

त्यात धूळ. घरात जागा नसली की आम्ही कापूस ओसरीत ठेवतो. पांढऱ्याधोट कापसावर दोन दिवसांत काळी साय धरायची. व्यापारी मूठभर कापूस उचलायचा, फुंकर मारायचा आणि सगळ्यांसमोर विचारायचा, "बुढेबाबा, हा कापूस हाय का कोळसा?"

कापसाचे दिवस तसेही वाईट होते. बोंडअळीनं एक साल खाल्लं, बियाण्यानं दुसरं. शहरातून मोटारीतून माणसं यायची, हातात वह्या घेऊन, आणि मयतीला आल्यासारखं तोंड करून आमच्याकडे पाहायची. मला ते आवडत नव्हतं. माझ्या दारात कोणी तसं तोंड घेऊन आलं की मी त्याला चहा पाजायचो आणि सरळ वावरात न्यायचो. म्हणायचो, हे पाहा, कमरेइतकी पऱ्हाटी आहे, एकएका झाडाला मोजून घ्या बोंडं. तेवढं पाहिल्यावर त्यांचं तोंड जरा सरळ व्हायचं.

एकदा असाच एक चष्मेवाला वावराच्या मधोमध थांबला. विचारलं, "बाबा, सगळं वावर एवढं चांगलं आहे, मग या दोन पट्ट्यांत झाडं गुडघ्याएवढीच का?"

"बियाणं फसवं निघालं," मी म्हटलं.

त्यानं वहीत लिहून घेतलं. मी खोटं बोललो होतो. बियाणं सगळ्या वावरात एकच होतं. ते दोन पट्टे बंडीच्या चाकांचे होते. आमच्या वावराच्या मधून, नाल्याकडून गायरानाकडे, एके काळी गावाची बंडीवाट जायची. माझ्या लहानपणी गल्लीत एवढ्या बंड्या मावत नव्हत्या, म्हणून कापसाच्या सगळ्या बंड्या गावाबाहेरून त्या वाटेनं निघायच्या आणि थेट वणीच्या जिनिंगला लागायच्या. तीस-तीस बंड्यांची रांग, सगळ्यात पुढे माझ्या बापाची. लाकडी चाकांना लोखंडी धाव चढवलेली असायची. त्या धावांनी मुरूम दाबून दाबून जमीन दगडासारखी केली होती. पुढे गल्लीतून खडीचा रस्ता झाला, बंड्या तिकडून जाऊ लागल्या, आणि एका उन्हाळ्यात बापानं ती वाट नांगरली. नांगराचा रुमणा बापाच्या हातात होता, बैल मी हाकत होतो. बावीस वर्षांचा होतो. कोणी काही बोललं नाही. पण नांगरली तरी वाट गेली नाही. दरवर्षी पऱ्हाटी तिथं खुजी राहायची आणि मला सांगायची, मी इथं आहे.

त्या वेळचे बंडीवाले एकेक करून गेले, म्हणून हे गावात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं असं मी समजत होतो.

तर त्या साली दसऱ्यानंतर ग्रामसभा भरली. सरपंच माझा चुलत पुतण्या, पस्तिशीचा, बोलायला चलाख. तो म्हणाला, "आता बायपास पाहिजे म्हणजे पाहिजे. वावरातून नेला तं भावाभावात कोर्टकचेरी होते. जंगलातून नेऊ. जंगल कोणाच्याच बापाचं नाई."

मागच्या बाजूला पोडावरची माणसं बसली होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आमच्या गावापासून हाकेवर, जंगलाच्या कडेला. त्यातली एक म्हातारी उठली. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी. तरणी होती तेव्हापासून आमच्या वावरात कापूस वेचायला यायची. दर साली वेचणी सुरू होताना सीतादही करायची वेळ आली, की दहीभाताचा पहिला घास वावराला वाहायचा मान माझी आई तिलाच द्यायची. कारण विचारलं तर आई म्हणायची, हिच्या हाताला कापूस लागतो. ती म्हातारी उभी राहिली आणि सरपंचाला म्हणाली,

"जंगल कोणाच्या बापाचं नसन. पन मोहाचे झाडं आमच्या मायचे हायेत. तिकडून रस्ता नेशीन तं आमचे सात मोह जातेत. चैतात आमी काय येचाव, डांबर?"

सभा हसली. सरपंचही हसला, पण त्यानं ठराव करून घेतला. तो फॉरेस्टच्या ऑफिसात जाऊन आला आणि दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, दुसरीकडून वाट असली तर जंगलातून नवा रस्ता मिळत नाही. आणि दुसरी, जंगलात जुनी वहिवाट असली तर गोष्ट वेगळी. गावाच्या नकाशावर बंडीवाटेची तुटक रेघ होती, पण नकाशा घडीवर नेमका तिथंच फाटलेला. वाट गावाच्या कोणत्या अंगाला, ते त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मग सरपंचानं जे केलं ते आमच्याच गावात होऊ शकतं. त्यानं ठरवलं, वाट नसेल तर करू. साहेब लोक यायच्या आधी चार माणसं लावून जंगलाच्या कडेची रायमुनियाची झुडपं कापली आणि दोन दिवस बंड्या मोकळ्या इकडून तिकडे फिरवल्या, चाकोरी पडावी म्हणून.

माझ्याकडे तो बैल मागायला आला. "मोठेबाबा, तुमची जोडी द्या. बाकीच्याईचे बैल मरतुकडे हायेत, चाकोरी नाई पडत."

माझी जोडी खरंच गावात एक नंबर होती. मी जोडी दिली. इथं स्वतःला कोरं ठेवायचं नाही, म्हणून लिहितो. खरी वाट कुठे आहे हे माहीत असून मी बैल दिले, एवढंच नाही, दुसरा कोणी माझ्या बैलांना तुतारीच्या काठीचा खिळा टोचील म्हणून बंडीवरही मीच बसलो. मनात एकच होतं. रस्ता जंगलातून गेला की माझं वावर वाचतं.

तिसऱ्या दिवशी पाहणीला फॉरेस्टच्या मॅडम आल्या, माझ्या धाकट्या लेकीएवढ्या वयाच्या, पायात बूट, डोक्याला टोपी. त्यांच्यासोबत रस्ते खात्याचा साहेब, टेप घेतलेला. सगळं गाव मागे. पोडावरचेही आले होते. सरपंच पुढे होऊन दाखवू लागला, "हे पाहा मॅडम, आमच्या बापजाद्याची बंडीवाट. शंभर वर्साची."

मॅडम खाली बसल्या. चाकोरीवरून बोट फिरवलं. तेवढ्यात मागून खदाखदा हसू आलं. ती म्हातारी, पोटाला हात लावून हसत होती.

सरपंच चिडला. "हासून कायले राह्यली वो बुढे?"

"हासू नाई तं का करू? तुह्या आज्याच्या बंडीले टायर होते का रे?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. आता सगळ्या बंड्या टायरच्या. मातीत टायरची नक्षी इतकी चोख उमटली होती की जणू कोणी ठसे मारत गेलं. माझ्या बंडीच्या एका टायरला ठिगळ आहे, तेही दर पाच हातांवर उमटलं होतं. दोन दिवस मी त्यावर बसून फिरलो, पण एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गावात एवढी डोकी, कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

"आता टायरच्या बंड्या जातात मॅडम, जुन्या चाकोरीवरूनच," सरपंच म्हणाला.

"रोज जातात?"

"हाव, रोज."

"मग झुडपांचे खुंट एवढे ताजे कसे?" मॅडमनं रायमुनियाचा एक ओला खुंट हातात धरून विचारलं. सरपंच आभाळाकडे पाहू लागला.

मॅडम रागावल्या नाहीत. उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "नकाशात वाट आहे, म्हणजे कुठेतरी होती. त्या वाटेनं बंडी हाकलेलं कोणी जिवंत आहे का गावात?"

म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "हा हाय नं. बापू. याच्या बापाची बंडी सगळ्याइच्या म्होरं राहे. कापसाच्या ढिगावर हा बसून राहे, शेंबूड पुसत."

म्हणजे तिला माहीत होतं. चाळीस-बेचाळीस वर्षं तिनं माझ्या वावरात त्या खुज्या पट्ट्यांतून वाकून कापूस वेचला होता. तिला माहीत नसेल असं मी कसं समजलो, कोण जाणे. सभेतही ती ते बोलली नव्हती. मी बोलीन म्हणून वाट पाहत होती.

सरपंचानं पाहिलं की गोष्ट हातची जाते. तो मॅडमच्या जवळ सरकला आणि हसून म्हणाला, "मोठेबाबाचं वय झालं मॅडम. त्याईले आता काई आठवत नाई. काल काय जेवले ते नाई सांगू शकत, चाळीस वर्साचं काय सांगतीन?"

लोक हसले.

मला खोटारडा म्हटलं असतं तर त्या दिवशी मी गप्प बसलो असतो, कारण तो मी होतोच. पण विसरभोळा? मी सगळ्यांना बाजूला करून पुढे झालो.

"काल वांग्याचं भरीत होतं," मी म्हटलं. "संगं कळण्याची भाकर. अन् तुह्या मोठ्या आईनं भरतात मीठ जास्त घातलं होतं. अजून इचार काय इचारतं ते."

"मोठेबाबा, राहू द्या नं..."

"नाई राहू देत. मॅडम, बंडीवाट इथून नव्हती. माह्या वावरातून होती. माह्या बापानं नांगरली, बैल म्या हाकले. या म्हनजे दाखवतो."

सरपंचानं माझी बाही धरली. हळूच म्हणाला, "काय बोलून राह्यले तुमी? वावर जाईन तुमचं." मी बाही सोडवून घेतली आणि चालायला लागलो. मागे मॅडम, टेपवाला साहेब, आणि त्यांच्यामागे सगळं गाव. माझा पोरगाही होता. त्याच्या चपलेचा आवाज मला ओळखू येत होता.

कापूस फुटला होता. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून पाहिलं तर सांगायचीही गरज नव्हती. हिरव्या-पांढऱ्या वावरात दोन खुजे पट्टे बरोबरीनं नाल्याकडून निघाले होते, अर्ध्यात एक वळण घेत होते आणि गायरानाला लागत होते. म्हणजे पोट्टे ज्याला इतकी वर्षं वाईट बियाणं समजत होते, ते आता सगळ्यांना रस्त्यासारखं दिसलं. एक जण म्हणालाही, "आयला, हे तं डोयासमोर होतं!"

मॅडमनी वाकून एक पऱ्हाटी हलवली. साहेबानं पहार मागवून जमिनीत मारून पाहिली. वीतभर मातीखाली खण्ण वाजलं. मुरूम. तो खुश झाला, पण मला नीट सांगणं त्याचं कामच होतं. म्हणाला, "बाबा, जुनी सार्वजनिक वाट निघाली, तर या पट्ट्याचा मोबदला मिळत नाही. माहीत आहे ना?"

"मांगतला कोनं?"

आता पाहा, इथपर्यंत मी वावर दिलं. पण साहेबानं पुढे जे केलं ते मी चालू देणार नव्हतो. त्यानं टेप काढली आणि वळण सोडून सरळ रेघ धरली, माझ्या काळ्या जमिनीच्या पोटातून.

"रस्ता सरळ असावा लागतो बाबा," तो म्हणाला.

"वाट इथं वाकडी काहून हाय, ते तुमाले ठाव हाय का?"

"जुनी माणसं, गेली असतील कुठूनही."

"कुठूनही नाई गेले. त्या तुमच्या सरळ रेघेत पाझर हाय. पावसायात मानूस मांडीपावतर फसते. भरली बंडी फसे, म्हनून माह्या आज्यानं वाट वळवली. तुमी न्या सरळ. पहिल्या श्रावनात ट्रक फसला की मले बोलवा. माहे बैल काढतीन तो, पन मी हासल्याशिवाय राह्यनार नाई."

तासभर भांडलो. तो पुस्तकातलं सांगायचा, मी पाझरातलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, दाखवा पाझर. मी सरळ रेघेत जाऊन टाच रोवून फिरवली. वर कोरडं, पण टाचेच्या खड्ड्यात बघता बघता ओल आली. साहेबानं टेप गुंडाळली. म्हणाला, ठीक आहे, वळणानंच नेऊ, सोमवारी माणूस पाठवतो, चुन्याची आखणी करायला.

जाताना म्हातारी माझ्याजवळ थांबली. तिनं काही मोठं बोलावं असं मला वाटत होतं, खोटं का सांगू. ती म्हणाली, "बापू, येवढं बोलाले तुले बेचायीस वर्सं लागले. तुहा बाप बी असाच होता, उशिरा बोले." आणि पदर खोचून पोडाकडे निघून गेली.

घरी पोरगा ताटावर बसला नाही. दारात उभा राहून म्हणाला, "लोक सरकारपासून काढून राह्यले बा, अन् तू देऊन राह्यला. या सालात. कापसाचं असं हाल असताना."

"सरकारले नाई देल्लं. गावाचं होतं, गावाले देल्लं."

"आज्यानं नांगरली तवा गावाचं नव्हतं का?"

"होतं. म्हनूनच तं."

तो गोठ्याकडे गेला. माझी बायको चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती. तिनं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली,

"मिठाचं मातर साऱ्या गावासमोर सांगाची काई गरज नव्हती."

मी म्हटलं, बरोबर आहे, चुकलं. आयुष्यात मी फार वेळा तसं म्हटलं नाही, म्हणून तिनं वर पाहिलं.

पडल्यावर झोप लागेना. मोबदल्याचं काही नव्हतं. सोमवारचं डोक्यात होतं. चुना टाकायला जो माणूस येईल तो यवतमाळचा की कुठला, त्याला पाझर काय आणि वळण काय. तो साहेबाच्या कागदावरून टाकील, आणि कागद फाटलेला. दोन हात इकडे सरकला तर माझी चांगली जमीन जाते, दोन हात तिकडे सरकला तर रस्ता फसतो. आणि वाट किती रुंद, हे तरी कोणाला माहीत? मला माहीत होतं. दोन भरल्या बंड्या समोरासमोर आल्या, तर कापसानं फुगलेलं बंडीचं गोणपाटी पाल एकमेकाला न घासता निघाल्या पाहिजेत. तेवढी वाट असायची. ते माप घ्यायची टेप कोणत्या खात्यात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मी उठलो. बायकोला आणि सुनेला घेऊन वावरात गेलो. दोघींनी आधी त्या पट्ट्यातली फुटलेली बोंडं वेचून घेतली. कापूस कापूस असतो, खुज्या झाडाचा असला तरी. मग मी जोडी जुंपली आणि रुमणा स्वतः धरला. पोरगा आला नाही. मी बोलावलंही नाही. बैल हाकायला सून आली, पदर बांधून, आणि चांगले हाकले तिनं. नाल्यापासून सुरुवात केली, पट्ट्याच्या बाहेरून, दोन बंड्यांचं माप सोडून. वळणावर बैल सरळ जाऊ पाहत होते, त्यांना आवाज देऊन वळवलं. पहिलं तास, म्हणजे नांगराची ओळ, गायरानापर्यंत नेलं, तिथून परत फिरलो आणि दुसऱ्या अंगानं दुसरं तास काढलं. ऊन वर येईपर्यंत काळ्या मातीत दोन ओळी पडल्या, नाल्यापासून गायरानापर्यंत, वळणासकट. धुऱ्यावर गावातले दहा-बारा जण येऊन उभे होते. सरपंचही होता. कोणी खाली उतरलं नाही.

मग मी बैल सोडून बाभळीखाली बांधले, त्यांच्यापुढे कडबा टाकला आणि त्या दोन ओळींमधल्या पऱ्हाट्या हातानं उपटायला लागलो. जमीन कडक, एकही सोपी निघत नव्हती.